बर्टनची चहादाणी आणि साकोलीचे मडके



वसंत ऋतूत संध्याकाळी माणसे जमवून त्यांना चार शब्द ऐकवण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. अशा व्यासपीठावरून दारूविषयी बोलावयाचे झाले, तर ते दारूच्या दुष्परिणामांविषयी बोलावे असा संकेत पडून गेला आहे. तो संकेत चांगलाच आहे आणि त्याचा अवमान करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला कधी कधी मद्यपात्रातही डोकावून पाहावे लागते. कारण राज्ये, कर, कायदे आणि घराघरांतील चुली यांचा संबंध तेथे जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका आईच्या प्रश्नामुळे. आमच्या परिचयातील एका कुटुंबातील मुलगा इंग्लंडात नोकरीस आहे. त्याने घरी कळविले की, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची एक प्रसिद्ध इंग्रजी बिअर त्याने आपल्या स्वयंपाकघरात जशीच्या तशी तयार करून पाहिली आणि ती मित्रमंडळींना फार आवडली. पत्र वाचून त्याच्या आईने त्याला दूरध्वनीवरून एवढेच विचारले, “अरे, म्हणजे तू तिकडे हातभट्टी लावलीस का?” मुलगा हसला. आम्हांस मात्र हसून तो प्रश्न टाळता येईना. एकच कृती इंग्लंडात छंद ठरते आणि साकोली तालुक्यात गुन्हा ठरते, हे कसे घडले? याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा दोन्ही गोष्टींचे धागे एकाच गाठीत अडकलेले आढळले.

प्रथम त्या बिअरची कुळकथा पाहू. तिला पेल एल म्हणतात. पेल म्हणजे फिकी. जव भिजवून, मोड आणून, भाजला की त्याचा माल्ट होतो. लाकडाच्या वा कोळशाच्या धुरावर भाजलेला माल्ट काळपट आणि धुरकट होई. कोक वापरू लागल्यावर मंद व स्वच्छ आच मिळू लागली आणि माल्टचा रंग फिका राहू लागला. या माल्टपासून केलेले पेय सोनेरी दिसे. त्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालीत. हॉपमुळे स्वाद येतो, आणि पेय नासवणाऱ्या जंतूंची वाढही रोखली जाते. इंग्लंडातील जमीनदार मंडळी ऑक्टोबर महिन्यात अशी भरपूर हॉपची कडक बिअर करवून वर्ष-दोन वर्षे पिपांत मुरवीत असत.

लंडनच्या पूर्वेस बो या ठिकाणी जॉर्ज हॉजसन याने १७५२ साली कारखाना काढला. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे नांगरत ते ब्लॅकवॉल तेथून जवळ होते. जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा खासगी व्यापार करण्याची मुभा होती. हॉजसन त्यांना दीर्घ मुदतीच्या उधारीवर माल देई, आणि ते कप्तान तो माल हिंदुस्थानात विकीत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारा तो प्रवास चार ते सहा महिन्यांचा असे. जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडी. पिपांतील बिअर या उष्णतेत आणि हेलकाव्यांत मुरे, आणि मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजावर येई तेव्हा अगदी पक्व झालेली असे.

येथे एका लोकप्रिय कथेची दुरुस्ती केली पाहिजे. हिंदुस्थानच्या प्रवासात बिअर नासत असे, म्हणून हॉजसनने मुद्दाम एक नवीन बिअर शोधून काढली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. अलीकडील संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रे आणि जाहिराती तपासून या कथेला आधार नसल्याचे दाखवले आहे. पोर्टर नावाची काळी बिअरही त्याच जहाजांतून हिंदुस्थानात येत असे आणि साधे गोरे शिपाई तीच पीत. हॉजसनची बिअर जुन्या ऑक्टोबर बिअरचीच वंशज होती. तिला समुद्रप्रवास मानवला, आणि कारखाना गोदीजवळ असल्याने बाजारही सापडला. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव तर कित्येक वर्षांनी, १८२९-३० च्या सुमारास, जाहिरातींत रूढ होऊ लागले. शोधापेक्षा सोय आणि उधारी यांचा वाटा मोठा होता, असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल.

आता नक्कल कोठून सुरू झाली ते पाहा. हॉजसनच्या वारसदारांना पुढे लोभ सुटला. कप्तानांना बाजूला सारून हिंदुस्थानचा व्यापार आपणच करावा असे त्यांनी ठरविले आणि उधारीही आखडली. त्यामुळे कंपनीच्या संचालकांपैकी कॅम्पबेल मार्जोरीबँक्स याने १८२२ च्या सुमारास बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉप या कारखानदाराला बोलावून हॉजसनच्या बिअरची बाटली त्याच्यापुढे ठेवली आणि अशी बिअर करता येईल का, असे विचारले. बर्टनचा माल तोपर्यंत रशियाकडे जाई. तेथील जकातीमुळे तो व्यापार नुकताच बुडाला होता. ऑलसॉप बाटली घेऊन गावी परतला. त्याच्या जॉब गुडहेड नावाच्या माणसाने पहिला नमुना एका चहादाणीत तयार केला, अशी आख्यायिका बर्टनमध्ये सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिचा अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. आज ज्या बर्टनच्या पेल एलला मूळ समजून जगभर तिची नक्कल होते, ती स्वतःच लंडनच्या बिअरची नक्कल होती, आणि ती करण्याचा पहिला प्रयत्न चहादाणीएवढ्या भांड्यात झाला असे त्या गावकऱ्यांनाच वाटते.

ही नक्कल अस्सलाहून सरस ठरली, याचे श्रेय बर्टनच्या पाण्याला आहे. तेथील विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपून येते. जिप्सममधील कॅल्शियममुळे माल्टचा रस नितळ होतो, आणि सल्फेटमुळे हॉपचा कडवटपणा स्वच्छ व तरतरीत लागतो. पुढे रसायनशास्त्र्यांनी हे ओळखले, आणि अन्य गावचे कारखानदार आपल्या पाण्यात जिप्सम मिसळून बर्टनचे पाणी बनवू लागले. म्हणजे पाण्याचीही नक्कल झाली! बर्टनच्याच बास कंपनीने आपल्या बाटलीवरील लाल त्रिकोण १ जानेवारी १८७६ रोजी नोंदविला. ब्रिटनमधील तो पहिला नोंदणीकृत व्यापारचिन्ह होय. इतरांची नक्कल करून मोठे झालेले गाव आपली नक्कल होऊ नये म्हणून कायद्याकडे धावले.

परंतु कारखाने वाढत असताना इंग्लंडातील शेतमजुराच्या घरात काय चालले होते? पूर्वी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी गृहिणी बिअर करीत असे. सरकारने १६९७ पासून माल्टवर कर बसविला, तो युद्धांच्या खर्चापायी वाढत गेला, आणि गरिबाला घरची बिअर परवडेनाशी झाली. ऑलसॉपची चहादाणी चुलीवर चढली त्याच सुमारास, १८२१-२२ मध्ये, विल्यम कॉबेट याने ‘कॉटेज इकॉनॉमी’ नावाचे पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध केले. त्यात मजुरांनी पुन्हा घरी बिअर करावी असा त्याचा आग्रह होता, आणि माल्टकराने गरिबाचे घर मोडले असा त्याचा आरोप होता. १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टकर रद्द केला आणि बिअरवर कर बसविला. तथापि घरी बिअर करणाऱ्यास परवान्याची अट लागू झाली. ती अट उठली १९६३ साली, अर्थमंत्री मॉडलिंग यांच्या अर्थसंकल्पात. घरच्या खर्चापुरती बिअर करण्यास तेव्हापासून इंग्लंडात कोणाचीही परवानगी लागत नाही. अमेरिकेत असाच कायदा १९७८ साली झाला. त्याच वर्षी डेव्ह लाइन या इंग्रज लेखकाने बाजारातील नामांकित बिअरसारखी बिअर घरी कशी करावी याचे पुस्तक काढले, आणि नक्कल करणे हा हजारो लोकांचा छंद झाला.

त्या मुलाने आईला जे कळविले ते या परंपरेतले होते. त्याची कृती थोडक्यात अशी. फिका माल्ट भरडून ६५ ते ६८ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवायचा, म्हणजे त्यातील पिष्टाची साखर होते. तो रस गाळून हॉपबरोबर उकळायचा, निववायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. यीस्टला १८ ते २० अंशांची थंडाई मानवते. जुन्या नोंदी पाहता एका ३६ गॅलनच्या पिपाला, म्हणजे सुमारे १६४ लिटरला, ४ ते ६ पौंड हॉप पडत. आजच्या साध्या बिअरच्या मानाने हे प्रमाण फार मोठे आहे. येथवर नक्कल सोपी आहे. खरी अडचण पुढे येते. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन याने १८८३ साली शुद्ध यीस्ट वेगळे केले, आणि क्लाउसेन याने १९०४ साली जाहीर केले की, इंग्रजी मुरवलेल्या बिअरला तिचा खास स्वाद एका निराळ्या, पिपात हळूहळू वाढणाऱ्या यीस्टमुळे येतो. आज दुकानातून आणलेले शुद्ध यीस्ट वापरून केलेली बिअर दिसायला जुनी, पण चवीला नवी असते. नक्कल करणाऱ्याने आधी ठरवावे लागते की आपण कोणत्या वर्षाची, कोणत्या पिपाची आणि किती महिने मुरलेली बिअर करणार. इतिहासकाराचीही हीच अडचण असते. कागद मिळतो, कागदावर जे लिहिण्याची कोणाला गरज वाटली नाही ते मिळत नाही.

आता आपल्या साकोलीकडे वळू. वैशाखात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा हवेत जवाची बिअर आंबवली तर ती दोन दिवसांत नासेल. पण या प्रदेशाने आपली सोय निराळ्या रीतीने केली होती. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पहाटे गळू लागतात. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा स्वच्छ करायची, उजाडण्यापूर्वी टोपली घेऊन जायचे, आणि ऊन चढण्याच्या आत फुले वेचून आणायची, हा बायका-मुलांचा उद्योग. वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांतातील असंख्य माणसे याच फुलांवर जगली. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य यांत मोहाच्या दारूची धार लागते. फुले भिजवून काही दिवस आंबवली की त्याचा सडवा होतो. सडव्याचे मडके चुलीवर, त्यावर दुसरे मडके, आणि वाफ थंड पाण्याने निववायची, एवढेच त्याचे यंत्र.

आता दोन्ही रीती शेजारी ठेवून पाहा. इंग्रजापुढे प्रश्न होता पेय टिकवण्याचा, म्हणून त्याने हॉप वाढविले. येथील माणसाने फूलच वाळवून टिकवले. वाळलेले फूल कोठीत वर्षभर राहते आणि पाहिजे तेव्हा भिजवता येते. जहाज नाही, पीप नाही, बर्फ नाही. आमच्या मते हवामानाशी केलेला हा तह बर्टनच्या तहाहून कमी बुद्धीचा नव्हता.

नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, आणि साकोली ही भंडारा जिल्ह्याची एक तहसील झाली. नव्या सरकारला दारूत महसूल दिसला. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावाने ठेकेदारास दिला जाऊ लागला, आणि पुढे हळूहळू गावोगावच्या भट्ट्या बंद करून गाळण्याचे काम मोठ्या भट्ट्यांत एकवटण्यात आले. १९१५ साली मध्य प्रांताचा आबकारी कायदा झाला. तिकडे मुंबई इलाख्यात तर १८९२ साली मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा करून ठाणे-कुलाब्याकडील घरांत फुले बाळगण्यावरच बंधन घातले गेले. त्याच काळात कामठीसारख्या छावण्यांतील साहेबांच्या मेजावर विलायती बिअरची बाटली राजरोस उघडली जाई. बाटलीवर जकात भरलेली होती, मडक्यावर भरलेली नव्हती. हा सारा भेद पैशाचा होता. दारूच्या बऱ्यावाईटाशी त्याचा संबंध नव्हता. कॉबेटच्या मजुरावर आणि साकोलीच्या गोंडावर एकाच प्रकारच्या खजिन्याने हात टाकला, हे विसरता कामा नये.

पुढे राष्ट्रीय चळवळीने दारूचा प्रश्न नीतीचा केला. काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला. घटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांच्या बंदीचे धोरण राज्यांपुढे ठेवले. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदी कायदा केला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर १९५९ साली तो येथेही लागू करण्यात आला. आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने अस्तित्वात आहे. या कायद्याची गंमत अशी की, त्याच्याच आधारे परवाने देऊन बिअरचे कारखाने आणि दुकाने चालतात, आणि त्याच्याच आधारे घरचे मडके फोडले जाते. घरी बिअर करणे काय आणि मोहाची गाळणे काय, परवान्यावाचून दोन्ही गुन्हेच. त्या मुलाने आपली बिअर साकोलीत येऊन केली तर त्याच्या आईचा प्रश्न थट्टेचा राहणार नाही.

येथे तुलनेची मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही वकिली केल्यासारखे होईल. इंग्लंडने घरी आंबवण्यास मोकळीक दिली आहे. घरी गाळण्यास आजही दिलेली नाही. आंबवलेली बिअर आणि गाळलेली दारू यांच्या तीव्रतेत मोठे अंतर आहे. शिवाय चोरून गाळलेल्या आणि विकलेल्या दारूत काय मिसळले आहे हे पिणाऱ्याला कळत नाही. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मेलेली सारी गरीब होती. आणि साकोलीच्या सभागृहात बसलेल्या भगिनींना आम्ही काय सांगावे? ज्या घरात मजुरीचा पैसा भट्टीकडे जातो त्या घरातील बाईला मडक्याचा इतिहास ऐकवणे हा निष्ठुरपणा होईल. ‘उभी बाटली की आडवी बाटली’ असे मतदान करून ज्या गावांच्या स्त्रियांनी दुकाने बंद पाडली, त्यांनी आपल्या अनुभवाच्या बळावर निकाल दिला. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली तीही लोकांच्या चळवळीतून. या निकालांपुढे आम्ही मान लववतो.

तरीही एक प्रश्न उरतो. गावाने आपल्यासाठी बंदी करणे ही एक गोष्ट आहे, आणि खजिन्याने आपल्या ठेक्यासाठी गावावर बंदी घालणे ही दुसरी. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांच्या विक्रीवर व सेवनावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला, तो पहिल्या प्रकारचा आहे. भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. म्हणून साकोलीच्या गोंड पाड्याला तो अधिकार नाही, आणि शेजारच्या गडचिरोलीतील पाड्याला आहे. २०२१ साली राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठविणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध सैल केले. मध्य प्रदेशाने तर मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान्यता देऊन आदिवासींच्या गटांना ती करण्याची वाट मोकळी केली. बर्टनने जसे आपल्या पाण्याचे नाव केले, तसे मोहाचे नाव होऊ लागले आहे. पण ते नाव कोणाच्या मालकीचे होईल? लाल त्रिकोण कोण नोंदवील? शहरातील कारखानदार मोहाची सुबक बाटली विकू लागला आणि फुले वेचणारी बाई मात्र टोपलीमागे चार रुपयांसाठी घासाघीस करीत राहिली, तर लिलावाचा ठेकाच नव्या वेषात परत आला असे म्हणावे लागेल.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही गेल्या आठवड्यात पहाटे जंगलाच्या कडेला गेलो होतो. एक म्हातारी फुले वेचीत होती. आम्ही कायद्याविषयी विचारले तेव्हा ती हात न थांबवता आपल्या झाडीबोलीत म्हणाली, “झाड आमचा, फूल आमचा, अना गुना बी आमचाच का जी?” आम्हांस उत्तर सुचले नाही. तिच्या सुनेने मात्र उत्तर दिले. ती म्हणाली की फुले विकून पोराची वही आणता आली तर पुरे, घरी मडके नको. सासू आणि सून एकाच झाडाखाली उभ्या होत्या, आणि आम्हांस दोघींचेही म्हणणे खरे वाटले.

परदेशातील त्या मुलाच्या आईला आम्ही काय उत्तर द्यावे? होय बाई, तुमच्या मुलाने लावली ती एका अर्थी हातभट्टीच. पण त्याच्या देशाने घरच्या पिपाचा हक्क काढून घेतला होता, त्यावर दीर्घ काळ वाद घातला, आणि १९६३ साली विचार करून तो परत दिला. आपल्याकडे तो वाद अजून नीट झालेला नाही. आपण कधी महसुलाच्या बाजूने बोललो, कधी नीतीच्या बाजूने. फुले वेचणाऱ्या त्या दोघींना समोर बसवून कधी बोललो नाही. पुढील वर्षी चैत्रात ही व्याख्यानमाला पुन्हा भरेल. त्या वेळी या विषयावर आमच्याऐवजी त्यांपैकी कोणी या व्यासपीठावर उभी राहिली, तर आम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकू.